कारखान्याच्या चिमणीवरचा ढग

आमच्याकडे ढग कुठे आहे हे सांगायची एकच रीत आहे. साखर कारखान्याच्या चिमणीकडे हात करायचा. ढग चिमणीच्या अलीकडे आला असेल तर वाळवण उचलायचं, चिमणीवर असेल तर अजून एक चहा होतो, पलीकडे असेल तर तो आपला नव्हेच. मलकापुरात आमच्या गच्चीवरून अम्मी असंच बघते, शेजारची काकी असंच बघते आणि मीही लहानपणापासून असंच बघत आले. चिमणी कधी चुकली असेल तरी चार पापड भिजण्यापलीकडे कुणाचं काही बिघडलं नाही.

त्यामुळे कऱ्हाडच्या धावपट्टीवर ग्लायडर शिकायला लागले आणि सरांनी आभाळात बोट करून "तो ढग किती लांब?" असं विचारलं, तेव्हा मी जराही न अडखळता सांगितलं, "चिमणीवर आहे."

सर हवाई दलातून निवृत्त झालेले, लोणंदकडच्या शेतकरी घरातले. त्यांनी आधी चिमणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, चिमणी जमिनीत रोवलीया. ढग आभाळात हाय. ह्या दोघांची सोयरीक कुणी जुळवली?"

मी शाळेत गणित शिकवते हे कळल्यापासून ते मला बाई म्हणत. त्यात मान किती आणि चिडवणं किती, याचा हिशोब मला कधी लागला नाही.

ग्लायडरला इंजिन नसतं. विंच नावाचं यंत्र लांबलचक दोर सर्रकन गुंडाळून घेतं आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. मग दोर सोडायचा, आणि पुढचं सगळं आपल्या नशिबावर आणि अकलेवर. ऊन लागलं की जमीन तापते, हवा वर चढते. त्या चढत्या हवेत गोल गोल फिरत उंची कमवायची. ही हवा जिथे थकते तिथे तिच्या डोक्यावर पांढरा, सपाट बुडाचा ढग धरतो. कमावलेली उंची खर्च करत एका ढगाखालून दुसऱ्या ढगाखाली जायचं. म्हणजे पुढचा ढग खरोखर किती लांब आहे हे कळलं नाही तर वाटेतच कुणाच्या तरी शेतात उतरायची पाळी येते.

मला हे सगळं का शिकायचं होतं, असं लोक विचारतात. खरं उत्तर असं की माझा पाय एका जागी ठरत नाही. वर्गात मी फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालते, मुलं माझ्या मागे तशीच चालून दाखवतात. जेवताना मी दोनदा तरी उठते. लग्नाची बोलणी करायला आलेल्या एका घरच्यांनी तर "मुलीला काही त्रास आहे का?" असं अम्मीला हळूच विचारलं होतं. पण धावपट्टीवर मला नेलं ते अब्बांनी. अब्बा शिंपी. मलकापुरात त्यांचं दुकान आहे. ग्लायडर क्लबच्या लोकांना वाऱ्याची दिशा दाखवणारी, काठीवर फडफडणारी नारिंगी पिशवी शिवून हवी होती. विंडसॉक म्हणतात तिला. दोन शिंप्यांनी नाही म्हटलं. अब्बांनी जुनी फाटकी पिशवी हातात घेतली, आतबाहेर केली आणि म्हणाले, "आवं, ही तर बाहीच की. एका तोंडाला रुंद, एका तोंडाला बारकी. राक्षसाची बाही!" शिवलेली बाही द्यायला ते गेले, मी त्यांच्या मागे गाडीवर बसून गेले, आणि परत आले ती नाव नोंदवूनच.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला अब्बांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. मिरजेला ऑपरेशन झालं. डोळा राहिला, नजर गेली. डावा डोळा चांगला होता आणि डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यावर माणूस सगळं करू शकतो, मेंदू शिकतो हळूहळू. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते.

मग अब्बा घरी आले आणि कपाच्या शेजारी चहा ओतला.

एका डोळ्याला दिसतं सगळं, पण अंतर कळत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं. पायरी जवळ आहे की लांब, दोरा सुईच्या अलीकडे आहे की पलीकडे, काहीच कळेना. "सगळं चपटं दिसतंय," ते म्हणाले. "कॅलेंडरवरच्या चित्रागत." दुकानात गेल्यावर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटच्या कापडावर कात्री चालवली. कात्री टेकली असं वाटून दाबली ती हवेतच मिटली, मग हात वैतागला आणि नको तिथे घुसला. ज्यांना नुसत्या नजरेनं माणसाची कंबर सांगता यायची, ते अब्बा त्या दिवशी दुकानाचं शटर ओढून घरी आले. किल्ली अम्मीच्या डब्यात टाकली. दिवाळीचं काम आलं आणि दुसरीकडे गेलं.

तेव्हापासून घरात आम्ही दोघं येरझारा घालणारे झालो. अब्बा गॅलरीत जात, परत येत, खिडकी उघडत, लावत. मला त्यांच्याकडे बघवत नसे. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या रागाच्या खाली नुसती भीती होती, की हा माणूस आता पुन्हा मशीनवर बसणारच नाही, असाच गॅलरीत फिरून म्हातारा होईल. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण चिडले की अब्बा मराठीवर येतात, दुकानात उभं आयुष्य गेल्यामुळे असेल. त्या दिवसांत ते सतत मराठीत बोलत होते.

त्यात धावपट्टीवरचा विंडसॉक विरून फाटला. सरांनी नवीन नारिंगी कापड आणून माझ्याकडे दिलं, "अब्बांना सांगा, सावकाश होऊ द्या." मी ते बंद दुकानाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. दर रविवारी सर विचारायचे आणि मी "होतंय, होतंय" म्हणायचे. काठीवर चिंध्या फडफडत होत्या आणि मला तिकडे मान वर करून बघायची चोरी झाली होती.

ढगाचं अंतर मात्र काही केल्या येईना. दोन जागांच्या ग्लायडरमध्ये सर मागे बसत आणि विचारत, "तो कुठल्या गावावर हाय?" मी गाव सांगायचे. तिथवर गेलो की ढग अजून पुढेच. कधी उलटं व्हायचं, लांबचा म्हणून सोडलेला ढग पंखाशेजारून निघून जायचा. लांबचे ढग एकमेकांना चिकटलेले दिसतात, वाटतं नुसती रांग लागली आहे, आणि जवळ जावं तर दोन ढगांत एखादं अख्खं निळं रान मोकळं असतं.

"ढगाकडं बघून ढग कळत न्हाई, बाई," सर मागून ओरडले. "खाली बघा. सावली कुठं पडलीया? ती जमिनीवर हाय, तिला गाव हाय, रस्ता हाय, वढा हाय. सावली फसवत न्हाई. ती धरा, मग तिथनं जरा सूर्याच्या अंगाला सरका. ढग तिथं."

खाली बघितलं आणि खरंच की! उसाच्या हिरव्या पट्ट्यांवरून गडद डाग सरकत होते, एक ओढ्यावर, एक देवळाच्या शिखरावर. कोडं सुटल्यासारखं झालं. पण माझी गोची अशी की मला खाली फार वेळ बघवत नाही. डोळा परत वर जातो, पुढच्या ढगाकडे, त्याच्या पुढच्या. सर म्हणत, "तुमी जेवताना पण पुढच्या घासाकडं बघता काय?" मी त्यांना अम्मीशी बोलू दिलं नाही हेच बरं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सरांनी मला एकटीला पलूसपर्यंत जाऊन परत यायची परवानगी दिली. सोयाबीन निघालेलं होतं, ऊस उभा होता, कारखाने नुकते पेटले होते आणि सकाळपासूनच आभाळात छोटे छोटे कापसाचे पुंजके धरायला लागले होते. मी चहा उभ्याउभ्या पीत होते. अब्बांनी त्यांचा कप स्टुलावर ठेवला, म्हणजे ठेवायला गेले, आणि तो स्टुलाच्या कडेवरून खाली गेला. माझ्या कपड्यांवर चहा उडाला.

"अब्बा, बघून तरी ठेवत जा!" मी म्हणाले.

अब्बांनी कपाचे तुकडे गोळा केले. हात आधी फरशीवर टेकवायचे, मग चाचपत तुकड्यापर्यंत न्यायचे. "बघूनच ठिवला हुता," ते म्हणाले.

मी निघाले. माफी मागायची राहिली. गाडीवर सबंध वाटेत ते वाक्य माझ्या मागे बसून आलं.

वर मात्र दिवस झकास होता. पहिलीच चढती हवा मला नदीच्या वळणावर मिळाली. ग्लायडरमध्ये एक छोटं यंत्र असतं, वर जाताना ते किलबिलतं आणि खाली जाताना रडतं. ते किलबिलत होतं. मी शहाण्यासारखी खाली बघत होते, सावली धरत होते, सूर्याकडे सरकत होते, आणि ढग बरोबर तिथे सापडत होते. एक झाला, दुसरा झाला. वारा पूर्वेचा, अगदी समोरून, तरी मी ताकारीच्या डोंगरापर्यंत आले आणि मनात म्हटलं, बघा सर, बाईंना आलं.

मग पुढे तो ढग दिसला. बूड काळंभोर, सपाट, कडा फुलकोबीसारख्या ताज्या. आणि त्याच्या बरोब्बर खाली एका साखर कारखान्याची चिमणी, धूर सोडत उभी. सांगली जिल्ह्यात शिरलं की चिमण्यांना तोटा नाही. मी हातात असलेली बरीशी चढती हवा अर्धवट सोडली आणि सरळ तिकडे निघाले. सावली बघायची आठवणसुद्धा झाली नाही. डोक्यात सकाळचा कप होता, आणि डोळ्यांनी आपलं लहानपणापासूनचं काम केलं. ढग चिमणीवर आहे. अजून एक चहा होतो.

चिमणी आली. उसाच्या मळीचा वास कॉकपिटमध्ये शिरला. मी वर पाहिलं तर डोक्यावर धुऊन काढल्यासारखं निळं आभाळ. ढग पुढेच होता, मघाशी होता तेवढाच लांब. तेव्हा कुठे मी खाली बघितलं आणि सावली शोधली. ती पार लांब, पलूसच्या अलीकडच्या द्राक्षांच्या बागांवर पसरली होती. चिमणी आणि ढग फक्त माझ्या डोळ्यांच्या एका रेषेत आले होते, बाकी त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. सोयरीक मीच जुळवली होती.

यंत्र रडायला लागलं. मी तसंच पुढे रेटलं, दुसरं करणार काय! पण ढगालाही आयुष्य असतं. मी पोचेपर्यंत त्याच्या ताज्या कडा विरल्या, बूड फाटलं आणि त्याच्या खाली हवा वर जायच्या ऐवजी खाली बसत होती. आता पलूसही नाही आणि परतही नाही. उतरायचं होतं, आणि तेही लगेच.

खाली चहूकडे ऊस, माणसापेक्षा उंच. उसात ग्लायडर शिरलं तर त्याचं काही खरं नाही, आणि माझंही. उसाच्या मधे मधे द्राक्षबागा, म्हणजे खांब आणि तारा. मग एक तपकिरी तुकडा दिसला, सोयाबीन काढून मोकळं पडलेलं लांबट रान, पूर्वपश्चिम. मी त्याच्याभोवती फिरून घेतलं, तारा नाहीत हे दोनदा पाहिलं आणि वाऱ्याकडे तोंड करून खाली यायला लागले.

तेव्हा मला माझी सावली दिसली. दुपार कलली होती, ऊन मागून उजवीकडून येत होतं, आणि डावीकडे पुढे, उसाच्या शेंड्यांवरून, एक बारीक लांब पंखांची आकृती पळत होती. ऊस संपला तशी ती धपकन रानात उतरली. मी खाली येईन तशी ती माझ्याकडे सरकत होती. जमीन किती खाली आहे हे मला वेगळं बघावं लागलं नाही, सावली आणि माझ्यात जेवढी फट उरली होती तेवढीच जमीन उरली होती. फट मिटली आणि चाक टेकलं. ग्लायडर खडखडत गेलं, थांबलं, मग त्याचा डावा पंख हळूच खाली कलला. पंखाचं टोक आणि सावलीचं टोक एकमेकांकडे आली, आणि ज्या क्षणी भिडली त्या क्षणी पंख मातीला लागला.

मी हुंदका देऊन रडले. वाचले म्हणून नाही, म्हणजे तेही असेलच. मला अब्बांचा कप दिसला होता.

शेताचे मालक बांधावरून पळत आले, मागून त्यांची बायको. त्यांनी ग्लायडरभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं.

"इंजान कुठं पडलं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"याला नसतंच इंजिन."

"आसं कसं आसंल? मग आलं कशानं?"

"ढगानं," मी म्हणाले. बायकोनं माझ्याकडे बघून नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. पोरीच्या डोक्याला मार लागला असणार, असं तिला वाटलं असावं.

मी सरांना फोन लावला. ऊन पिवळं पडायला लागलं तेव्हा जीप आणि मागे ग्लायडर वाहून न्यायची ट्रॉली घेऊन ते आले. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ग्लायडर पाहिलं आणि मग लांब उभ्या कारखान्याकडे मान वळवली.

"चिमणीवर हुता व्हय ढग?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात जीपच्या दुसऱ्या दारातून अब्बा उतरले.

मी घरातून गेल्यावर त्यांनाही घरात बसवेना, म्हणून ते रिक्षानं धावपट्टीवर गेले होते आणि दिवसभर त्या चिंध्यांखाली उभे होते. आता ते बांधापाशी आले, पायानं बांध चाचपला, चुकला, पुन्हा चाचपला. मी धावत जाऊन हात धरला.

"लागलं का कुठं?" त्यांनी माझ्या खांद्याला, डोक्याला हात लावून बघितलं. मग आवाज चढला. "येडी हायस का तू? उसात गेली आसतीस म्हंजे?"

"अब्बा, सकाळचं चुकलं माझं," मी म्हणाले. "पण आधी इकडं या. एक बघा."

मी त्यांना डाव्या पंखाच्या टोकाशी उभं केलं. सरांना विनंती केली की उजवं टोक खाली ओढा आणि हळू हळू सोडा. पंख वर गेला आणि खाली यायला लागला.

"पंखाकडं नका बघू. खाली बघा. सावलीकडं."

अब्बा वैतागले होते, पण शिंप्याचा डोळा समोरच्या वस्तूवरून हटत नाही. टोक खाली येत होतं, त्याची सावली सोयाबीनच्या धसकटांवरून त्याच्याकडे सरकत होती.

"टेकंल आता," अब्बा म्हणाले. पंख टेकला.

"परत करा," ते म्हणाले. सरांनी परत केलं. अब्बांनी परत बरोबर सांगितलं. मग ते उकिडवे बसले, सुया टोचून टोचून राठ झालेलं आपलं बोट पुढे केलं आणि मातीवर आणलं. बोट खाली, सावली बाजूनं, दोन्ही जवळ. जिथे भिडली तिथे माती लागली. त्यांनी ते तीनचारदा केलं. शेताचे मालक आणि त्यांची बायको एकमेकांकडे बघत उभे होते. घराण्यातच आहे, असं त्यांना वाटलं असणार.

आम्ही परत निघालो. पंख सुटे करून ट्रॉलीत ठेवले होते आणि ते मागे खडखडत होते. अब्बा खिडकीशी बसले होते. मावळतीचं ऊन आत येत होतं आणि त्यांचं बोट गुडघ्यावर उतरत होतं, वर जात होतं, पुन्हा उतरत होतं. मी विचारायला तोंड उघडलं, पण सरांनी आरशातून मला गप्प राहायची खूण केली.

घरी पुढचे काही दिवस काही झालं नाही. अब्बा गॅलरीत फिरत, मी हॉलमध्ये फिरत असे. आपण उगाच आशा लावली, आता त्यांना दुप्पट लागेल, असं वाटून माझा जीव नुसता वरखाली होत होता. अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांना विचार, मला काय विचारतेस?" आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी दुकानावरून जात होते. शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले. कापायचं टेबल भिंतीपासून ओढून दाराशी आणलं होतं, असं की ऊन बाजूनं त्यावर पडावं. त्यावर नारिंगी कापड पसरलेलं होतं, खडूच्या खुणा झालेल्या. एक खूण दोनदा पुसून काढली होती. अब्बा कात्री हातात धरून टेबलावर वाकले होते.

"किती घेर ठेवलात? मी धरू का? दुसरं टोक धरते मी. खडू देऊ?" मी टेबलाच्या या बाजूनं त्या बाजूला गेले, परत आले.

अब्बांनी मान वर केली नाही.

"पोरी," ते म्हणाले, "येका जागी हुबी ऱ्हा. तुझी सावली मधी येतीया."

मी दाराच्या कडेला सरकले, भिंतीला पाठ लावली. कात्री खाली यायला लागली. कापडावर तिची सावली तिच्याकडे सरकत आली, जवळ आली, भिडली. कापड कापल्याचा तो लांब करकर आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. तो थांबेपर्यंत मी जागची हलले नाही.